टप आणि कमान

धाकट्या बंधूने वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला आणि बेळगावच्या पावसाला वैतागून त्यावर काचेची केबिन चढवायचे मनाशी धरले. फॅब्रिकेशनवाल्याने जाड लोखंडाची चौकट दाखवली. दिसायला झोकदार; पण एवढे वजन माथ्यावर गेले की गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि आमची शेती उताराची.

"उलटला तर?" मी विचारले.

"एनू आगंगिल्लरी, सर!" तो हसला.

पावसाला अडवणारा पत्रा निराळा आणि माणसाला चिरडू न देणारी कमान निराळी, हे त्याला कन्नडात आणि बंधूला मराठीत समजवावे लागले. (बंधूला अधिक वेळ लागला.) कंपनीची मागची कमान आम्ही तशीच राखली. तिला भोक पाडले वा वेल्डिंग केले की ती कमकुवत होते. म्हणून फायबरचा हलका टप क्लॅम्पने आवळून बसवला.

"दादा, गुडघे भिजतातच की!"

भिजू देत. पट्टा मात्र अजून सीटमागे लोंबतो. ट्रॅक्टर कलंडताना माणूस बाहेर फेकला गेला, तर कमान कोणाला वाचवणार? शाळेला निघताना मी रोज बांधाशी थांबतो. मला पाहिले की तो पट्टा ओढून घेतो.