टनांचा आकडा सगळ्यात शेवटी

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर जाऊन हाताने ओढायची विंच मागितली, की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती टन?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर काउंटरसमोर उभं राहून द्यायचं नसतं, घरून काढून आणायचं असतं. आणि घरी कागद-पेन घेऊन बसलं की लक्षात येतं, या खरेदीत टनांचा आकडा सगळ्यात शेवटी येतो. आधी तीन गोष्टी पाहायच्या: यंत्र एका मांडणीत किती लांब ओढतं, ओढलेलं किती निवांत धरून ठेवतं, आणि सोडताना ओझं आपल्या ताब्यात राहतं का.

मी जुनी जिप्सी चालवते, आणि पावसाळ्यात मावळ-मुळशीच्या कच्च्या वाटांवर जास्त चालवते. तिथला चिखल वरून साळसूद दिसतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या पाण्याने भरलेल्या असतात. त्यात आपली छोटी चाकं उतरली की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो आणि चारही चाकं नुसती गरगरतात. इंजिनाचा जोर तिथे कामाला येत नाही. बाहेरूनच कुणीतरी ओढावं लागतं.

किती जोराने, याचे ठोकताळे लष्करांनी फार पूर्वी बसवून ठेवलेत. अमेरिकी लष्कराच्या हिशेबाने चिखल चाकांइतका खोल असेल तर गाडीच्या भरल्या वजनाइतकी ओढ धरायची. मडगार्डपर्यंत गेला असेल तर दुप्पट. वर चढ असेल तर दर अंशामागे वजनाचा साठावा हिस्सा मिळवायचा, ओढ उताराकडे असेल तर तेवढा वजा करायचा. जिप्सी रिकामी साधारण एक टनाची. माणसं, पाणी, हत्यारं, पेट्रोल धरून १३०० किलो समजू. ती १५ अंशांच्या चढावर चाकांपर्यंत रुतली आणि वर ओढायची ठरवली, तर १३०० अधिक ३२५, म्हणजे १६२५ किलो. तीच गाडी, त्याच चिखलातून, आली त्या वाटेने खाली ओढली तर १३०० वजा ३२५, म्हणजे ९७५ किलो. नुसती दिशा बदलली आणि साडेसहाशे किलो उतरले.

हाताच्या विंचचं मोल मला या वजाबाकीत सापडतं. विजेवरची विंच गाडीच्या नाकावर बसवलेली असते, त्यामुळे ती बहुतेक वेळा पुढेच ओढते. जिथे जाण्याच्या नादात रुतलो, तिकडेच आणखी आत. हाताची विंच मागच्या हुकाला लावता येते, तिरकी लावता येते, दुसऱ्याच्या गाडीसाठी उचलून नेता येते. शिवाय विजेची विंच पूर्ण भारावर बॅटरीतून चारशे अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचते. इंजिनात पाणी शिरून ते बंद पडलं असेल तर तिचा भरवसा फार वेळ धरता येत नाही. तिच्यासाठी पुढे जो जाडजूड लोखंडी बंपर लागतो त्याचंही त्रांगडं आहेच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, तेव्हापासून असा बंपर घेऊन शहरातून जाताना पोलिसांच्या शिट्टीकडे कान ठेवावा लागतो.

आता दुकानातले प्रकार. सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी ती रॅचेटवाली: छोटा ड्रम, दातेरी चाक, खटका, दांडा. खोक्यावर दोन टन, कधी चार टन लिहिलेलं असतं. दोर मात्र साधारण पाच मिलिमीटर जाडीचा, जो नवाकोरा असतानाही दीड-दोन टनांत तुटतो. चार टनांचा आकडा आला कुठून, तर दोर हुकातल्या कप्पीवरून दुहेरी घेऊन. मुळात तीन मीटरचा दोर, तो दुहेरी केला की ओढ उरली दीड मीटर. चाकोरीतून जिप्सी पुरती बाहेर यायला सात-आठ मीटर तरी लागतात. म्हणजे चार-पाच वेळा गाडीला ओंडके लावायचे, दोर सोडायचा, नव्याने बांधायचा. आणि खरी भीती सोडण्यात आहे. भार असताना त्यातला खटका एकेक दात करत मागे सोडावा लागतो, ओल्या बोटांनी. एक दात निसटला तर दांडा मनगटावर येतो. शेतातली तार ताणायला, ट्रॉलीतलं सामान आवळायला हे यंत्र झकास आहे. गाडीसाठी मी ते घेणार नाही.

साखळीचा लीव्हर होइस्ट त्याहून इमानी. त्याच्यावर दीड टन लिहिलं असेल तर तो दीड टन उचलतो, कारण तो टांगलेल्या ओझ्यासाठी बनवलेला असतो आणि त्यात सुरक्षेची भरपूर शिल्लक ठेवलेली असते. पण साखळी बहुधा दीड मीटरच मिळते, लांब घ्यावी तर वजन वाढत जातं, आणि चिखल कड्यांत बसला की ती अडते. वर्कशॉपमध्ये इंजिन उतरवायला त्याला तोड नाही. हाय-लिफ्ट जॅक आडवा लावून विंचसारखा वापरणारेही आहेत. इंडियानातल्या ब्लूमफील्डचा हा जॅक १९०५ पासून जगभर चालतोय आणि चाक उचलायला मीही तो बाळगते. पण ओढायला तो एका वेळी जेमतेम मीटरभर, आणि त्याचा सुटलेला दांडा जबडा फोडू शकतो.

उरतं ते टिरफोर पद्धतीचं यंत्र, विजेच्या तारा ओढणारे आणि पूल-कारखान्यांवर जड सामान सरकवणारे लोक वर्षानुवर्षं वापरतात ते. त्याला ड्रम नसतो. पोलादी दोर एका बाजूने आत जातो, दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. आत जबड्यांच्या दोन जोड्या असतात आणि त्या आळीपाळीने दोर पकडतात. विहिरीतून भरली कळशी वर घेताना आपले दोन हात करतात तसं. एक सोडतो तेव्हा दुसऱ्याने धरलेलंच असतं. भार जितका जास्त तितकी पकड घट्ट. ड्रम नाही म्हणून लांबीला मर्यादा नाही. दोर वीस मीटरचा असेल तर वीस मीटर, चाळीसचा असेल तर चाळीस. सोडण्यासाठी वेगळा दांडा असतो, तो हलवला की गाडी तितक्याच सावकाश मागे जाते. मध्येच थांबून पाणी प्यायलात तरी ती जागेवर राहते. भार जास्त झाला तर पुढच्या दांड्यातल्या मऊ धातूच्या पिना आधी तुटतात; ओझं खाली येत नाही, फक्त दांडा निकामी होतो. जादा पिना बहुतेक यंत्रांत मुठीतच ठेवलेल्या असतात. त्या आहेत का, हे दुकानातच उघडून पाहावं. पिनेच्या जागी खिळा घालणारे महाभाग मी पाहिलेत. मग पिनेऐवजी काय तुटायचं ते तुटतं.

हे यंत्र साधारण ८०० किलो, १६०० किलो आणि ३२०० किलो अशा मापांत मिळतं. सगळ्यांचा हात मोठ्याकडे जातो. इथे माझ्या शरीराचा हिशेब येतो. १६०० किलोच्या यंत्रात पूर्ण भारावर दांड्यावर ४५ ते ५० किलोचा जोर लागतो. माझं वजन त्याच्या थोडंच वर आहे. म्हणजे दंडाच्या जोरावर नाही, अंग टाकून ओढावं लागतं, आणि दांड्याच्या एका पूर्ण फेरीत दोर सरकतो पाच-सहा सेंटिमीटर. दहा मीटरला दीडशे-दोनशे फेऱ्या. म्हणून मी कप्पी लावते. दोर गाडीवरच्या कप्पीतून परत झाडाकडे घेतला की ९७५ किलोची ओढ यंत्राला पाचशेच्या आसपास वाटते. थोडं घर्षणात जातं. फेऱ्या दुप्पट होतात, पण प्रत्येक फेरी माझ्या आवाक्यातली होते. ३२०० किलोचं यंत्र दोरासकट उचलून चिखलातून वीस पावलं नेणं मला झेपत नाही. १६०० वालंच १८-२० किलो, वर दोराचे दहा-बारा किलो. सगळं एका खेपेत नेऊ नये, दोन खेपा कराव्यात.

या संथपणाची लोक कीव करतात. मला तो हवा असतो, कारण दांडा भार सांगतो. फेऱ्या हलक्या चाललेल्या असताना अचानक दांडा जड झाला, तर पुढे काहीतरी अडलंय: चाकापुढे धोंडा आलाय किंवा डिफरन्शिअल उंचवट्यात घुसलंय. मोटरचा आवाज तेवढं बारीक सांगत नाही. मी थांबते, फावडं घेते, चाकापुढची माती काढते. चिकट मातीत टायरच्या भोवती हवा जायला जागा केली की धरून ठेवणारी शोषाची पकड सुटते आणि पुढची फेरी आपोआप हलकी होते. मराठवाड्यातली काळी माती तर पाणी पिऊन फुगते, चाक आणि मडगार्ड यांच्यात गच्च बसते. तिथे आधी पाऊण तास फावडं आणि मग पंधरा मिनिटं विंच, हेच प्रमाण बरोबर.

ट्रॅक्टरवाला भेटला तर तो म्हणणार, "ताई, साखळी लावा, एका दणक्यात काढतो." त्याचं मन मोठं असतं, पण दणक्याने हूक उपटतो, साखळी तुटते आणि तुटलेलं कडं काचेतून आत येतं. मी म्हणते, "दादा, दणका नको. ट्रॅक्टर तिथेच गिअरमध्ये उभा करा, मी त्याला विंच बांधते." सड्यावर, माळावर, जिथे झाडच नाही, तिथे ट्रॅक्टरसारखा आधार नाही.

आधाराचं झाड मात्र बघून घ्यावं. आंबा, जांभूळ, ऐन जिवंत आणि जाड असेल तर चालतो. शेवगा आणि पांगारा ठिसूळ, त्यांच्या वाटेला जाऊ नये. बुंध्याला रुंद पट्टा, आणि तो जमिनीलगत. नुसता पोलादी दोर गुंडाळला तर साल कापली जाते आणि ते झाड पुढच्या पावसाळ्यात कुणाच्याच कामाचं राहत नाही. कप्पी झाडाला लावून दोर गाडीकडे परतवला तर झाडावर जवळजवळ दुप्पट भार येतो, हेही हिशेबात धरायचं. झाड नसेल तर स्टेपनी आडवी पुरायची, पण जांभ्यात खड्डा खणायला पहार लागते आणि घामही. ताणलेल्या दोरावर ओलं गोणपाट टाकायचं, कुणी त्यावरून ओलांडायचं नाही, आणि हूक चेसिसला बोल्टने पक्का बसवलेलाच हवा. ट्रॉली जोडायचा गोळा या कामासाठी नाही; तो तुटून माणसं गेली आहेत.

यंत्र जपायची रीत थोडी उलटी वाटेल अशी आहे. पकडीचं यंत्र म्हणून लोक ते कोरडं ठेवतात. मग एक दिवस दांडा हलतो, दोर दोन सेंटिमीटर पुढे येतो आणि तेवढाच मागे जातो. जबडे कोरडे पडलेले असतात. भरपूर तेल घातलं की ते चालू लागतं. तेलाने पकड सुटत नाही. फक्त ग्राफाइट किंवा मोलिब्डेनम असलेलं ग्रीस घालायचं नाही, त्याने मात्र जबडे घसरतात. चिखलातून आल्यावर रॉकेलने धुवायचं, वाळवायचं, तेल पाजायचं. दोर त्या यंत्राच्या मापाचाच घ्यायचा. आत सुताचा गाभा असलेला बाजारातला दोर जबड्यांत चपटा होतो. दोराचं वितळवून निमुळतं केलेलं टोक उसवलं तर तो यंत्रात शिरतच नाही, म्हणून खरेदीत पहिलं ते टोक पाहायचं. गाठ पडून मुरडलेला दोर सरळ केला तरी बाद समजायचा. आणि सिंथेटिक दोर कितीही हलका, लोभस असला तरी या जबड्यांसाठी तो नाही.

गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही कच्च्या वाटांवरच्या गाड्यांची शर्यत भरते. तिथे घड्याळाशी स्पर्धा असते आणि विजेच्या विंचला पर्याय नाही. रोज जंगलात गाड्या नेणाऱ्यानेही तीच घ्यावी. पण वर्षातून मोजक्या वेळा रुतणाऱ्या, एकट्या गाडीने फिरणाऱ्या माणसाला माझा सल्ला साधा आहे: १६०० किलोचं जबड्यांचं यंत्र, वीस मीटर दोर, एक दणकट कप्पी, रुंद पट्टा, दोन शॅकल, कातडी हातमोजे आणि लांब दांड्याचं फावडं. पैसे कमी पडत असतील तर यंत्र जुनं घ्या, दोर नवा घ्या.

घेतल्यावर एकदा सपाट मैदानात गाडी न्यूट्रलला ठेवून, हँडब्रेक सोडून, कुटुंबात जो सगळ्यात हलका असेल त्याला ती पाच मीटर ओढायला लावा आणि पाच मीटर परत सोडायला लावा. रुतलेल्या गाडीपाशी धडधाकट राहिलेला माणूस तोच असू शकतो. त्याला जमलं नाही, तर यंत्र कितीही टनांचं असो, ते बदलून आणा.