प्रभातफेरी आणि कोपीवरची पोरं

शेतातली नोंद आधी : खालच्या पट्टीतला ऊस तुटायला लागलाय, टोळी चार दिवसांपूर्वी आली. बाकीची नोंद २६ जानेवारीची.

पोरगी यंदा पहिलीत. आदल्या रात्री विचारते, "बाबा, उद्या प्रभातफेरीत पहिला नंबर आला तर बक्षीस काय?" तिला ती शर्यतच वाटलेली! म्हटलं, "शर्यतीत पुढं पळायचं, फेरीत मागच्याला सोबत घेऊन चालायचं." मोबाईलवर दिल्लीचं जुनं संचलन दाखवलं. चित्ररथ बघून म्हणाली, "ही तर सजवलेली ट्रॉलीच की!" मग सांगितलं, २६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना लागू झाली, म्हणजे देश सगळ्यांचा सारखा असं ठरलं. त्याचा आनंद म्हणून दिल्लीत जवान चालतात, गावात तुम्ही.

"सगळ्यांचा? मग कोपीवरची पोरं येणार?"

मला उत्तर देता येईना. माझा ऊस त्यांचे आईबाप तोडतात, आणि चार दिवसांत मी त्या पोरांची नावंही विचारली नव्हती. बॅटरी घेऊन कोप्यांवर गेलो. एक ताई म्हणाली, "दादा, पोरांला ड्रेस नाही. रांगेत कोण घेईल?" तिथूनच गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, "ड्रेसचं राहू द्या, सातला पाठवा."

सकाळी तिघं आली. आईबाप पहाटेच फडात गेलेले. धाकट्याच्या पायात पोरीची जुनी चप्पल. घोषणा त्याला पाठ नव्हती, सगळ्यांच्या मागनं द्यायचा, पण आवाज त्याचाच मोठा. झेंड्यापाशी गुरुजींनी फरक समजावला : १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, २६ जानेवारीला तो वरच बांधलेला असतो, दोरी ओढून उलगडतात.

दुपारी फडात गेलो, तर तिघं मोकळ्या सरीतनं खांद्यावर वाढं घेऊन लेफ्ट-राइट करत होती.

शेतकरी मित्रांनो, एका दिवसाच्या फेरीनं भागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं वर्ष अर्धं सरलं तरी पोराला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. तुमच्या रानात टोळी असेल तर पोरांचं वय विचारा, गुरुजींना भेटा. आमची तिघं उद्यापासून पोरीबरोबर माझ्याच गाडीवर शाळेत जाणार.