निरोप न घेतलेली बोट

पाटोद्याच्या माणसाने बोटीवर लेख लिहावा, हे थोडे विनोदीच. मांजरेचा उगम आमच्याच तालुक्यातला. पण उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाणी शोधावे लागते. 2019 च्या एप्रिलात, गावात टँकरच्या खेपा चालू असताना, मी आईला मुंबईहून गोव्याला 'आंग्रिया' बोटीने नेले.

कोकणच्या जुन्या प्रवासी आगबोटी माझ्या लहानपणीच थांबल्या होत्या. सरखेल कान्होजी आंग्र्यांचे नाव ल्यालेली ही जपानी बांधणीची बोट 2018 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. दुपारी निघावे, रात्र समुद्रावर काढावी, सकाळी गोवा! बोटीवर मद्यपानाची सोय मुबलक. मातोश्री तिकडे पाठ करून बसल्या.

रात्री खोलीतल्या नळाखाली तिने तांब्या धरला. पाणी गोडे! तिने नळ बंद करून पुन्हा उघडून पाहिला.

"आरं, एवढ्या खाऱ्यात हे कुठून आलं?"

मी नोकराला विचारले. तो म्हणाला, "बंदरावरच भरून घेतो, आजी."

"म्हंजे हिलाबी टँकरच की!" आई म्हणाली, आणि बोटीविषयीचा तिचा सारा परकेपणा त्या क्षणी गेला. सकाळपर्यंत ती कठड्याशी बसून होती.

2020 च्या साथीत फेऱ्या थांबल्या. हारतुरे नाहीत, शेवटची शिट्टी नाही. वर्तमानपत्रातली ती बातमी मी आईला वाचून दाखवली नाही.

उन्हाळ्यात टँकरपाशी ती बायकांना अजून आंग्रियाची गोष्ट सांगते. त्यांना ती खरी वाटत नाही. मग साक्षीला मला हाक येते.