सुरूची ओळ

आमचे घर रत्नागिरीजवळ, समुद्राला लागून. लग्न होऊन आले तेव्हा बागेच्या समुद्राकडच्या बांधावर सुरू आणि उंडीची दाट ओळ होती. मामंजींनी लावलेली. तिच्या आड हापूसची कलमे. पुढे घरदुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून आम्ही ती झाडे तोडून विकली. ओटीवरून समुद्र दिसू लागला. खोटे कशाला सांगू, मला बरेच वाटले.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. आंबा गळाला, तो सगळ्यांचाच गळाला. पण आठ दिवसांनी आमच्या पुढच्या दोन रांगांची पाने कडेने करपली, तीही समुद्राकडच्याच बाजूची. ह्यांनी पान जिभेला लावून पाहिले. खारट!

लाट तर बागेत आली नव्हती. मग मीठ आले कुठून? माझी भाची कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "मामी, समुद्र रोजच तुमच्या ओटीवर येतो. फक्त दिसत नाही."

लाट फुटली की पाण्यात हवा कोंडते. बुडबुडे वर येऊन फुटतात. त्यांचा पापुद्रा फाटून अतिसूक्ष्म तुषार उडतात आणि खालच्या खळग्यातून बारीक चिळकांडी उडते, तिचे थेंब जरा मोठे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. मोठे थेंब जवळच पडतात, बारीक वाऱ्याबरोबर दूरवर जातात.

बुडबुडा वर येताना समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून आलेले ओशट द्रव्य अंगाला लावून घेतो. त्यामुळे थेंबावर रश्श्यावरच्या तवंगासारखा पातळ थर येतो. थेंबाची बाहेरच्या हवेशी देवघेव या थरातूनच चालते. गाड्यांच्या धुरापासून हवेत तयार झालेले नायट्रिक आम्ल आत शिरले, तर मिठातले क्लोरीन आम्ल होऊन बाहेर पडते. एवढ्याशा थेंबात केवढा उद्योग!

पानावर बसलेल्या थेंबाचे पाणी उडते, मीठ उरते. हवेत सुमारे ७५ टक्क्यांहून अधिक दमटपणा झाला की ते पुन्हा पाझरते, आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटते तसे. हे खारे पाणी पानात मुरते आणि कडा जाळते.

पण मिठाला नुसती नावे ठेवून चालणार नाही. वाफेला ढगात थेंब धरायला बारीक कण लागतो, आणि समुद्रावरून येणाऱ्या पावसाळी ढगांना असे पुष्कळ कण हेच मीठ पुरवते.

मामंजींची ओळ वारा अडवत होती आणि खारे तुषार आपल्या अंगावर घेत होती. आम्ही गाळणीच काढून विकली होती. त्याच पावसाळ्यात आम्ही सुरू आणि उंडीची रोपे पुन्हा लावली. आता वादळ गेले आणि मागून पाऊस आला नाही, तर कलमांची पाने गोड्या पाण्याने धुऊन काढतो.

ओटीवरून समुद्र पुन्हा दिसेनासा होत चालला आहे. त्याचे मला आता वाईट वाटत नाही.