अण्णांची खुर्ची

अण्णा गेले त्याला महिना होत आला होता. एका सकाळी त्यांच्या आरामखुर्चीवरची गोधडी हाताला ओली लागली. पाणी सांडले असेल असे समजून आम्ही ती उचलली, आणि वासानेच सारा उलगडा झाला. बंड्याने, अण्णांच्या लाडक्या बोक्याने, अण्णांच्याच खुर्चीत मुतून ठेवले होते. (आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. या क्रियापदाला सभ्य पर्याय शोधण्याचा नाद त्या सकाळीच सुटला.)

गोधडी धुतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गोधडी काढून टाकली, तर वेताच्या विणीवर. आणि मग मोल्सवर्थवर. त्या कोशाचे १९७५ साली पुण्यात निघालेले पुनर्मुद्रण अण्णांनी शाळामास्तराच्या पगारातून घेतले होते. ते गेल्यावर आम्ही तो कोश त्यांच्या जागी, खुर्चीत, ठेवला होता. जरा भाबडेपणानेच, हे मान्य. सकाळी पाहिले तेव्हा पाने फुगून वर आली होती.

अर्थ लावणे हा आमचा व्यवसाय. त्यामुळे घरात लगेच दोन पक्ष पडले. एकाच्या मते हा सूड होता: अण्णा होते तोवर ताटातली मासळी मिळत असे, आता लाड संपले, त्याचा हा निषेध. दुसऱ्याच्या मते हा शोक होता. धन्याचा वास विरत चालला म्हणून बोका त्यात आपला वास मिसळत होता. अण्णांच्या धाकट्या बहिणीने, आत्यांनी, तिसरा अर्थ लावला. दहाव्याला कावळा पिंडाला शिवायला दीड तास लागला होता, हे त्या विसरल्या नव्हत्या. "दादाचं काहीतरी राहून गेलंय रे," त्या म्हणाल्या, "मुकं जनावर तेच सांगतंय." तिन्ही अन्वयार्थ आपापल्या जागी सुसंगत होते, आणि तिन्हींत बोक्याला काहीतरी सांगायचे होते. लेखकाचा हेतू हा कृती जोखण्याचा निकष मानू नये, हे विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांचे १९४६ सालचे म्हणणे आम्ही वर्गात दरवर्षी घसा फोडून सांगतो. घरी मात्र हेतूखेरीज आम्हांला दुसरे काही दिसत नव्हते.

उपायही अर्थाला साजेसेच झाले. सूड म्हटल्यावर शिक्षा आली. वर्तमानपत्राची गुंडाळी करून आम्ही त्याला मारले, एकदा नव्हे. मान धरून त्याचे नाक ओल्या जागेवर घासले. लहानपणी घरोघर हेच पाहिले होते. शेजारच्या काकूंनी कापूर ठेवायला सांगितला, तो ठेवला. फरशी काळ्या फिनेलने पुसली. त्यातील फेनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही, आणि मांजर तर फरशीवरून चालून आलेले पंजे चाटते. कापूरही त्याला विषारीच. हे सगळे आम्हांला नंतर कळले. शेवटी सासवडकडे ओळखीच्यांच्या गोठ्यावर त्याला सोडून यावे, असा प्रस्ताव आला. त्यावरून आमच्यात चार दिवस अबोला होता. अबोला बोक्याविषयी नव्हता. अण्णांची वस्तू जपायची की अण्णांचा जीव ज्याच्यावर होता त्याला, असा तो प्रश्न होता, आणि तो कोणीच मोठ्याने विचारत नव्हते.

त्या दिवसांत डेव्हेंटरच्या लेखनिकाची फार आठवण येई. नेदरलँड्समधील या गावी १४२० च्या सुमारास एका लेखनिकाच्या हस्तलिखितावर रात्री मांजर मुतले. त्याने त्या पानाचा उरलेला भाग कोराच सोडला, डागाकडे बोट दाखवणारे हात काढले, एक मांजर रेखाटले, आणि लॅटिनमध्ये त्या मांजराला शाप देऊन, रात्री पुस्तके उघडी टाकू नका, असा पुढच्यांना सल्ला दिला. ते हस्तलिखित आज कोलोनच्या अभिलेखागारात आहे. या विषयावरचे इतके नेमके लेखन आमच्या वाचनात दुसरे नाही. शापाशी तर आम्ही संपूर्ण सहमत होतो.

मार्चमधल्या एका रविवारी रात्री न्हाणीघरातून कण्हण्याचा आवाज आला. बंड्या फरशीवर बसून कुंथत होता. उठे, दोन पावले जाई, पुन्हा बसे. खाली एक थेंब, तोही लालसर. पोटाला हात लावताच तो किंचाळला.

डॉक्टरांनी दवाखाना उघडून त्याच रात्री नळी घातली. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. चिकट स्राव आणि स्फटिक यांचा बोळा बसला की लघवी कोंडते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदय थांबते. दोन दिवस उशीर झाला असता तर बोका गेला असता. पण मूत्राशयाला सूज आधीपासूनच असावी, ते म्हणाले. मांजराला ट्रेमध्ये बसल्यावर आग झाली की ते दुखणे आणि ट्रे यांची सांगड त्याच्या डोक्यात बसते. मग ते दुसरी, मऊ जागा शोधते. पुष्कळदा या सुजेमागे जंतू सापडत नाही. मनावरचा ताण, घरातली उलथापालथ, हीच कारणे निघतात. टोनी बफिंग्टन या अमेरिकी पशुवैद्यांनी २०११ मध्ये या साऱ्या गुंत्याला 'पँडोरा सिंड्रोम' असे नाव सुचवले.

मग त्यांनी विचारले, "मॅडम, याचा ट्रे कुठे असतो?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. ट्रे अण्णांच्या खोलीत, खिडकीखाली असायचा. तेराव्याला पाहुणे येणार म्हणून तो आम्हीच मागच्या बाल्कनीत, धुलाई यंत्राला खेटून ठेवला होता. पाहुणे गेले, ट्रे तिथेच राहिला. यंत्र रोज गदागदा हलते. खोलीत खिडकीजवळ उरली होती ती फक्त खुर्ची.

पुढचे थोडक्यात सांगता येते. बंड्या तीन दिवस दवाखान्यात होता. मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, या हिशेबाने दोन ऐसपैस ट्रे दोन शांत जागी ठेवले आणि रोज साफ केले. पाणी पोटात जावे म्हणून ओले खाणे सुरू केले. दीड महिन्यात खुर्चीचा त्रास थांबला. खुर्चीचा वास मात्र थांबला नाही. साबण झाला, उन्हाळाभर ऊन दाखवले, आणि पहिल्या पावसाबरोबर तो पुन्हा हजर. साबणपाण्याने तो वास पुरता जात नाही, हवा दमट झाली की तो पुन्हा बोलू लागतो. त्याला विकरयुक्त द्रावणच लागते. लाकूड त्याने निवले. वेत कापून काढावा लागला. अण्णांच्या पाठीचा खोलगट आकार त्या विणीत उतरला होता, तो गेला.

शोकाचा पक्ष घेणारी व्यक्ती अजून अधूनमधून आठवण करून देते की ताण हे कारण निघाले, म्हणजे आपण फारसे चुकलो नव्हतो. दुसरी व्यक्ती त्यावर काही बोलत नाही. गुंडाळी दोघांनीही उचलली होती, आणि ती ज्या दिवसांत उचलली, त्या दिवसांत त्याला जळजळ होत होती. अजूनही सकाळी पेपर उघडताना खळखळ झाली की बंड्या उठून आत जातो.

वर्षश्राद्धाला आत्या आल्या, नव्या विणीच्या खुर्चीत बसल्या, बोका त्यांच्या मांडीवर चढला. "आता शांत झालाय," असे त्या म्हणाल्या. ट्रेची हकिकत आम्ही त्यांना सांगितली नाही.

मोल्सवर्थ वाळून दीडपट जाड झाला आहे. मधली दहाबारा पाने एकमेकांना चिकटली आहेत. सोडवायला गेले की फाटतात, म्हणून तशीच ठेवली. परवा एक शब्द पाहायचा होता. तो नेमका त्याच पानांत होता, आणि ग्रंथालयात जावे लागले.