किसोच्या खोऱ्यातली न विकलेली घरे

प्रवासी कंपनीने छापलेल्या पत्रकात आमच्या सहलीचे नाव मोठे भारदस्त होते : ‘जपानची पारंपरिक नगरे – एक सांस्कृतिक परिक्रमा’. टोकियोचा झगमगाट आणि फुजीचे दर्शन यांना त्यात केवळ जाता-येता स्थान. खरा मुक्काम मध्य जपानच्या डोंगरांतला. नागोयाहून निघायचे, किसो नदीच्या खोऱ्यातील जुन्या राजमार्गावरची दोन गावे पाहायची, मग हिदा प्रांतातील ताकायामा, तेथून शिराकावा-गो आणि शेवटी कानाझावा. आम्ही सोळाजण होतो. इंदूर, बडोदे आणि हैदराबाद अशा तीन ठिकाणची मराठी मंडळी, बहुतेक साठीच्या अलीकडची-पलीकडची, आणि प्रत्येकाच्या सामानात खाऊचा एकेक डबा. आम्हां इंदूरकरांची शेव दुसऱ्याच दिवशी संपली, हे निराळे सांगावयास नको.

आमच्या मार्गदर्शिकाबाई पन्नाशीच्या, मितभाषी आणि वेळेच्या फार काटेकोर. ‘घरे पाहताना ती कोणी राखली, हे विचारत चला,’ असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. त्या वेळी ते वाक्य मार्गदर्शकाच्या नेहमीच्या बोलण्यातले वाटले. पुढे सारी सहल मी त्याच एका प्रश्नाभोवती पाहिली.

एदो, म्हणजे आजचे टोकियो, आणि क्योतो यांना जोडणारे दोन मोठे मार्ग शोगुनांच्या काळात होते. एक समुद्रकाठाने जाणारा तोकाइदो, दुसरा डोंगरांतून जाणारा नाकासेन्दो. या दुसऱ्या मार्गावर ६९ मुक्काम होते. सरदारांचे लवाजमे, व्यापारी, यात्रेकरू तेथे उतरत, घोडी बदलत, रात्र काढत. १८६१ मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनशी विवाह करण्यासाठी क्योतोहून एदोला गेली ती याच वाटेने. या मार्गावरचा बेचाळिसावा मुक्काम त्सुमागो आणि त्रेचाळिसावा मागोमे. दोहोंमध्ये सुमारे आठ किलोमीटरचा जुना रस्ता आजही पायी चालता येतो.

नाकात्सुगावा स्थानकावरून बसने आम्ही मागोमेला पोहोचलो. गाव उतारावर वसलेले. मधून फरसबंदी रस्ता, कडेने खळाळणारे पाणी, मधूनच एखादे पाणचक्कीचे चाक. हे आधुनिक जपानी साहित्यातील थोर लेखक शिमाझाकी तोसोन यांचे जन्मगाव. १८७२ मध्ये ते येथे जन्मले, आणि शोगुनशाहीचा अस्त होताना या खोऱ्यातील माणसांची कशी उलथापालथ झाली, ते त्यांनी ‘योआके माए’ या विस्तीर्ण कादंबरीत लिहिले. मागोमेतील आजची घरे मात्र फारशी जुनी नाहीत. १८९५ मध्ये गावाला मोठी आग लागली होती.

येथे मार्गदर्शिकाबाईंनी एक माहिती जाता जाता दिली, आणि आमच्यातील सीमाभागात माहेर असलेल्या एक बाई एकदम कान टवकारून पुढे सरकल्या. मागोमे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या नागानो प्रांतात होते. २००५ मध्ये ते शेजारच्या गिफू प्रांतातील नाकात्सुगावा शहरात विलीन झाले. रोजचा बाजार, दवाखाना, नोकऱ्या सारे त्या बाजूला. पण तोसोन तर नागानोचे लेखक! पुष्कळ वाद झाला, नागानोच्या राज्यपालांनी विरोध केला, पण अखेर विलीनीकरण झाले. ‘मग तोसोन आता कोणाचे?’ असे त्या बाईंनी विचारले. मार्गदर्शिकाबाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘पुस्तक ज्याच्या घरात असेल, त्याचे.’

मागोमेच्या वरची खिंड सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. वाटेत ठिकठिकाणी पितळेच्या घंटा टांगलेल्या. अस्वलांना आपली चाहूल लागावी म्हणून प्रत्येकाने त्या वाजवायच्या. देवळात शिरताना घंटा वाजवण्याची सवय असलेल्या आमच्या मंडळींनी हे काम फार निष्ठेने केले. खिंड ओलांडली की देवदार आणि हिनोकीची दाट झाडी लागते. हिनोकी म्हणजे तेथला सुगंधी सुरू. एके काळी या रानातील पाच जातींची झाडे तोडण्यास सामान्य माणसाला सक्त मनाई होती. ‘एका झाडाला एक मुंडके’ अशी म्हणच या खोऱ्यात पडली. त्सुमागोतील ‘ओकुया’ नावाचे श्रीमंतांचे उतारघर १८७७ मध्ये संपूर्ण हिनोकीत पुन्हा बांधले गेले ते ही बंदी उठल्यावरच. त्याच्या मधल्या खोलीत जमिनीतच चौकोनी चूल आहे, तिला इरोरी म्हणतात. धुराने तुळया आणि खांब काळेभोर चकचकीत झालेले. आपल्या माजघरातील जात्याजवळची जमीन जशी पिढ्यांच्या वापराने गुळगुळीत होई, तशी ती झळाळी.

त्सुमागोत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवले ते नसलेल्या गोष्टींमुळे. विजेचे खांब नाहीत, वरून लोंबणाऱ्या तारा नाहीत, रंगीत पाट्या नाहीत. तारा आणि खांब घरांच्या मागच्या बाजूस नेले आहेत. दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारींना बंदी. दोन्ही बाजूंना गडद लाकडी जाळीची दुमजली घरे, वरचा मजला किंचित पुढे आलेला. मध्येच रस्ता काटकोनात वळतो, तो शत्रूला सरळ चाल करून येता येऊ नये म्हणून.

हे गाव टिकले कसे? त्याचे पहिले कारण दारिद्र्य. १९११ मध्ये या खोऱ्यातून जाणारा रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि पायी प्रवास करणारा वाटसरूच संपला. रेल्वे त्सुमागोला बगल देऊन गेली. उत्पन्न गेले, तरुण शहरात गेले. जुने पाडून नवे बांधावे एवढा पैसा कोणाजवळ नव्हता. १९६० नंतरच्या वर्षांत गाव ओस पडण्याच्या बेतात आले. तेव्हा १९६८ पासून सरकारी साहाय्याने घरांची डागडुजी सुरू झाली, आणि १९७१ मध्ये गावकऱ्यांनी एकत्र बसून आपल्यासाठी एक सनद लिहिली. तिचे सार तीन क्रियापदांत आहे : विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. देशाच्या कायद्यात अशा जुन्या वस्त्यांना संरक्षण देण्याची तरतूद झाली ती त्यानंतर, १९७५ मध्ये; आणि १९७६ मध्ये निवडलेल्या पहिल्या सात ठिकाणांत त्सुमागोचा समावेश झाला.

रात्रीचा मुक्काम जवळच्याच वाडीत एका घरगुती खाणावळवजा निवासात होता. असल्या निवासाला मिंशुकु म्हणतात. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. आम्ही त्यांना आपसांत ‘आजी’च म्हणू लागलो. आमच्यातील शाकाहारी मंडळींची त्यांनी फार काळजी घेतली होती. जपानात साध्या दिसणाऱ्या कढणातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे आधी कळवणे अगत्याचे. आमच्या पानात रानातल्या भाज्या, तोफू, लोणचे, वाफाळता भात आणि ‘गोहेइ-मोची’ होते. मळलेला भात काठीवर थापून, त्याला अक्रोड आणि मिसोची चटणी लावून निखाऱ्यांवर भाजतात, ते हे गोहेइ-मोची. चव खरपूस, गोडसर. माझ्या यजमानांनी तीन खाल्ली.

जेवणानंतर इरोरीभोवती बसलो असता मी मार्गदर्शिकाबाईंमार्फत आजींना विचारले, की हे घर पुढे कोण चालवणार? मुलगा नागोयात नोकरी करतो, असे त्या म्हणाल्या. दरवर्षी २३ नोव्हेंबरला गावात जुन्या काळच्या प्रवाशांच्या वेषांत मिरवणूक निघते, तिला तो न चुकता येतो, वाटसरूचा वेष चढवतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी पकडतो. घर विकायचे नाही, परक्याला भाड्याने द्यायचे नाही; मग मुलगा परतला नाही तर? आजींनी निखारे सारखे केले. ‘छपराच्या फळ्या बदलायला आल्या आहेत,’ एवढेच त्या म्हणाल्या. ‘आमचा सुतारही आता म्हातारा झाला.’

मला त्या रात्री लवकर झोप लागली नाही. इंदुरातला आमचा सासरचा वाडा डोळ्यांपुढे येत होता. दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, आणि वरच्या मजल्यावर गेली अकरा वर्षे कुलूप. चार भाऊ चार गावांना. बांधकाम व्यावसायिकाने आणलेला करारनामा आमच्या कपाटात आहे. गल्लीतले शेजारचे तीन वाडे गेले, त्या वेळी प्रत्येक घराने आपापल्या पुरता विचार केला आणि तो विचार चुकीचा होता असे मला आजही म्हणवत नाही. त्सुमागोच्या लोकांनी मात्र हा प्रश्न घराघरांत सुटू दिला नाही, तो रस्त्यावर आणून सर्वांचा केला. त्यात एक कठोरपणा आहे. शेजाऱ्याच्या वारसाहक्कावर गावाने हात ठेवावा, हे आपल्याकडे कितीजणांना मानवेल? आणि जपानलाही हे सर्वत्र साधलेले नाही. २०२३ च्या तेथल्या सरकारी पाहणीत देशभरात सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली.

ताकायामा हे त्या मानाने मोठे आणि सुखवस्तू शहर. हिदा प्रांत डोंगराळ, भातशेती थोडी. म्हणून प्राचीन काळी येथील लोकांनी कराऐवजी राजधानीला सुतार पाठवावेत असा नियम होता. ‘हिदाचे सुतार’ ही कीर्ती तेव्हापासूनची. सानमाची नावाच्या जुन्या पेठेत मद्य गाळणाऱ्यांच्या दारावर देवदाराच्या पात्यांचा मोठा गोळा टांगलेला असतो. नवे मद्य तयार झाले की हिरवा गोळा लावतात आणि तो जसजसा तपकिरी होतो तसतसे मद्य मुरले असे समजायचे. सकाळी नदीकाठी बाजार भरतो. शेतकरी बायका डोक्याला रुमाल बांधून मुळे, लोणची, सफरचंदे विकतात. भावात घासाघीस नाही, हे पाहून आमच्यातील काही भगिनींचा विरस झाला. येथला ‘होबा-मिसो’ अवश्य चाखावा : चंपककुळातील एका झाडाच्या रुंद वाळक्या पानावर मिसो आणि कांदापात घालून खाली निखारे. पळसाच्या पत्रावळीचा वास आठवतो.

शहराबाहेर ‘हिदा नो सातो’ या उघड्या संग्रहालयात जागोजागची जुनी घरे आणून मांडली आहेत. गवती छपरांना कीड लागू नये म्हणून तेथे चुली रोज पेटवतात. ताकायामातच असेही एक घर पाहिले, जे मिबोरो धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून उचलून आणलेले. व्यवस्था उत्तम आहे, पण तेथे मला करमले नाही. चूल पेटलेली, आणि तिच्यावर काहीच शिजत नाही.

शिराकावा-गोला जाताना बस सुमारे पावणेअकरा किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जाते. हा महामार्ग २००८ मध्ये पूर्ण झाला. त्यापूर्वी हिवाळ्यात हे खोरे बर्फाने जगापासून तुटत असे. तेथील ओगिमाची या खेड्यात गवती छपराच्या शंभराहून अधिक इमारती आहेत. छपरे इतकी उभी की बर्फ घसरून पडावे. आकार नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखा, आणि नावही तेच : ‘गाश्शो-झुकुरी’, म्हणजे जोडलेल्या हातांची बांधणी. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. गवती दोर आणि लवचिक कोवळ्या फांद्या यांनी सारे बांधलेले. माळ्यावर रेशमाचे किडे पाळत, आणि जमिनीखाली माती कुजवून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढत. डोंगरातल्या एकाच घराच्या पोटात रेशीम आणि सोरा!

कोकणात ज्याला शाकारणी म्हणतात ती येथे तीस-चाळीस वर्षांतून एकदा करावी लागते, आणि ते काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हे. शेदोनशे माणसे एकाच वेळी छपरावर चढतात आणि एक बाजू एकदोन दिवसांत उरकतात. या देवघेवीच्या श्रमाला ते ‘युइ’ म्हणतात. आपली इर्जिकच ती! कोणाकडून किती माणसे, किती दोर आले याची वही ठेवायची आणि त्याच्या वेळी तेवढे परत करायचे. आज पुष्कळसे काम व्यावसायिक कारागीर करतात आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारी अनुदानातून येतो. तरी युइ मोडलेली नाही.

मिबोरो धरण १९६१ मध्ये पुरे झाले तेव्हा वरच्या बाजूची वस्ती बुडाली. त्या काळात गाश्शो घरे शहरांतल्या उपाहारगृहांसाठीही विकली जाऊ लागली. ओगिमाचीने १९७१ च्या डिसेंबरात आपली संस्था स्थापली आणि त्सुमागोचीच तीन क्रियापदे स्वीकारली. १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव आले. आणि आता सुमारे दीड हजार वस्तीच्या शिराकावा गावात वर्षाला दहा लाखांहून अधिक पाहुणे येतात. आम्हीही त्यांतलेच. दुपारी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. काही घरांपुढे दोरी लावून ‘येथे माणसे राहतात’ अशा अर्थाची पाटी होती, तरी एक प्रवासी दोरी ओलांडून खिडकीला कॅमेरा लावून उभा होता.

गर्दीपासून दूर, भातखाचराच्या बांधावर एक घर होते. छपराची अर्धी बाजू जुनी, शेवाळलेली, आणि अर्धी नव्या गवताची, सोनेरी. मागच्या दोरीवर लहान मुलाचा शाळेचा गणवेश वाळत होता आणि दारात मातीने माखलेले बूट होते, एक जोड मोठा, एक अगदी छोटा. आमच्यातील दोघांनी कॅमेरे वर केले. मार्गदर्शिकाबाईंनी नुसता हात आडवा केला, घड्याळ दाखवले, आणि आम्ही कानाझावाच्या बसकडे वळलो.