गांधार ७६३१

आमच्या ताईंना इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड मान्य नव्हता आणि त्यांचं कारण पक्कं होतं. "याचा गांधार चढा आहे," त्या म्हणायच्या. क्लासला येणाऱ्या सगळ्याच मुलींच्या घरी पेटी नसते, की-बोर्ड मात्र बऱ्याच घरांत असतो. मुली त्यावर रियाझ करायच्या आणि आठवडाभर कानावर पडलेला तो गांधार गळ्यात घेऊन यायच्या. मग ताई तंबोरा छेडायच्या आणि सांगायच्या, "आता फक्त हा ऐक आणि गा."

मी दिवसभर पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते आणि संध्याकाळी ताईंकडे गाणं शिकते. गाणारे आणि प्रोग्राम लिहिणारे एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, हे मला दोन्हीकडे जाणवत असे. त्या गांधाराने मला दोन्हीकडचं एकत्र आणायला लावलं.

ताईंची तक्रार आकड्यांत मांडता येते. त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे मध्य षड्ज २०७.६५ हर्ट्झ. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गांधार आपोआप उमटतो, कारण तारेच्या मूळ कंपनाबरोबर पाचपट वेगाचं कंपनही होत असतं. त्या हिशेबाने षड्ज आणि गांधाराचं नातं चारास पाच असं येतं आणि मध्य गांधार २५९.५६ हर्ट्झवर बसतो. की-बोर्डमध्ये सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात, तिथला गांधार येतो २६१.६३ वर. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर प्रत्येक भागाला सेंट म्हणतात. की-बोर्डचा गांधार जवळजवळ चौदा सेंट चढा आहे. तंबोरा चालू ठेवून तो धरला, की स्वर स्थिर राहत नाही, सेकंदाला चारेक वेळा थरथरतो. ताईंना त्रास व्हायचा तो या थरथरीचा.

हाच आक्षेप पूर्वी पेटीवरही होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची हार्मोनियम घडवली, तीत खुंटी ओढून श्रुती बदलता येते. लाकडात आणि सुरांच्या पत्तीत हे होऊ शकतं, तर सॉफ्टवेअरमध्ये का होऊ नये, असं मला वाटू लागलं.

की-बोर्ड आणि संगणक एकमेकांशी मिडी या भाषेत बोलतात. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या एका व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्स या अमेरिकन कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँड या जपानी कंपनीचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडले गेले आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी ही भाषा मिळून ठरवली आणि कुणाकडून शुल्क न घेता वापरू दिली. तिच्यामागचे दोन प्रमुख लोक, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी, यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाला. पुण्यातल्या माझ्या टेबलावर बसून मी परवानगी न मागता काम सुरू करू शकले, ते त्या खुलेपणामुळे.

मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही, हे सगळ्यात आधी समजून घ्यावं लागतं. जातात ते आकडे. मी पट्टी दाबली की तीन आकडे निघतात: १४४, ६०, ८५. पहिला सांगतो, 'पहिल्या चॅनलवर स्वर सुरू कर'. दुसरा पट्टीचा क्रमांक. तिसरा किती जोराने दाबली ते, शून्य ते १२७ मध्ये. बोट उचललं की स्वर थांबवण्याचा निरोप वेगळा जातो. हे दोन निरोप सुटे असल्यामुळे मधेच केबल निघाली तर स्वर वाजतच राहतो. म्हणून केबल तुटल्याचं कळताच सगळे स्वर बंद करण्याचा आदेश, नियंत्रण क्रमांक १२३, पाठवण्याची सोय प्रोग्राममध्ये पहिल्याच दिवशी करायची असते.

साठ हा पट्टीचा क्रमांक आहे, कंपनसंख्या नव्हे. त्या पट्टीने किती हर्ट्झचा आवाज काढायचा हे केबल सांगत नाही, ते पलीकडचं वाद्य ठरवतं. माझ्या सगळ्या कामाचा पाया हाच. मिडी जिथे गप्प बसते, तिथे आपल्या संगीताला जागा आहे.

मी पायथनमध्ये लिहायला बसले. मिडो नावाची लायब्ररी की-बोर्डचे निरोप वाचते, माझा प्रोग्राम मध्ये उभा राहून ते बदलतो आणि फ्लुइडसिंथ या मोफत सिंथेसायझरकडे पुढे पाठवतो. स्वर वरखाली करण्यासाठी मिडीमध्ये पिच बेंड नावाचा निरोप असतो. त्याची मोजपट्टी शून्य ते १६३८३ आणि मध्यबिंदू ८१९२. मध्यापासून खालच्या टोकापर्यंत सहसा दोन अर्धस्वर, म्हणजे दोनशे सेंट असतात. एका सेंटला साधारण ४१ पायऱ्या पडतात. गांधार १३.७ सेंट उतरवायचा तर ५६१ पायऱ्या खाली यायचं. ८१९२ मधून ५६१ वजा केले की उरतात ७६३१.

निरोपाचा प्रकार सांगणारा पहिला आकडा सोडला तर केबलवरून एका वेळी १२७ पर्यंतचाच आकडा जातो, म्हणून ७६३१ चे दोन तुकडे करावे लागतात: ५९ गुणिले १२८, अधिक ७९. जाणारा निरोप होतो २२४, ७९, ५९. लहान तुकडा आधी, मोठा नंतर. आणि हा निरोप स्वर सुरू करण्याच्या निरोपाआधी जायला हवा. नंतर गेला तर स्वर चढा सुरू होऊन मग खाली सरकतो.

काळी चारच्या पट्टीत गांधार येतो पांढरी एकवर, म्हणजे बरोबर साठ क्रमांकावर. मी तंबोरा लावला, साठ दाबला. थरथर थांबली. गांधार तंबोऱ्यात मिसळून गेला आणि मी बराच वेळ बोट उचललंच नाही.

पण एकच स्वर वाजवून कुणी साथ करत नाही. पेटी वाजवताना षड्ज धरलेला असतो आणि वरचे स्वर चालू असतात. पिच बेंड मात्र पूर्ण चॅनलला लागू होतो: गांधार उतरवला की धरलेला षड्जही उतरतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक स्वराला स्वतःचं चॅनल द्यायचं. मिडीत चॅनल सोळा असतात. नवीन पट्टी दाबली की प्रोग्राम मोकळं चॅनल शोधतो, त्यावर त्या स्वराचा बेंड पाठवतो आणि मग स्वर. यात दहावं चॅनल वगळायचं, कारण जनरल मिडीच्या संकेताप्रमाणे ते तालवाद्यांचं आहे. तिथे गांधार पाठवला तर ड्रम वाजतो. उरलेल्या पंधराही चॅनलवर एकच वाद्य लावून ठेवायचं. मी रीड ऑर्गन निवडला, पेटीच्या जवळ जाणारा. यादीत तो २१ व्या क्रमांकावर दिसतो, केबलवरून २० पाठवावा लागतो, कारण तिथली मोजणी शून्यापासून असते. भात्याचं काम पायाच्या पेडलला दिलं. पेडल दाबलं की नियंत्रण क्रमांक ११ जातो आणि स्वर फुलतो.

ताईंकडे लॅपटॉप घेऊन गेले, तेव्हा त्यांनी आधी बोट आणि आवाज यांतलं अंतर पकडलं. "उशिरा येतोय गं," त्या म्हणाल्या. आवाजाचे १०२४ नमुने साठवून मग ते वाजवायचे, अशी मांडणी होती. सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या गतीला तो विलंब एकवीस मिलिसेकंदांचा होतो. नमुने २५६ वर आणले, विलंब पाचेक मिलिसेकंदांवर आला आणि ताईंची मान हलली.

मग त्यांनी गांधार ऐकला. डोळे मिटून, तंबोऱ्यावर कान ठेवून. "हा बरोबर," म्हणाल्या. पुढच्याच वाक्यात त्यांनी विचारलं, "आणि दरबारीचा?"

दरबारीचा कोमल गांधार एका जागी उभा राहत नाही, तो आंदोलित असतो, आणि नेहमीच्या कोमल गांधारापेक्षा खाली. ताई तो गाऊन दाखवत होत्या आणि मी पडद्यावर आकडा खाली आणत होते. "अजून. अजून जरा. थांब, इथे." मग भूप आणि देशकार. दोन्हींचे स्वर तेच, पण देशकाराचा धैवत ताई चढा ठेवतात. धैवतासाठी गणिताचं कोष्टक माझ्याकडे तयार होतं: पाच-तृतीयांश, म्हणजे ८८४ सेंट. ताईंनी भूपासाठी ते मान्य केलं आणि देशकारासाठी नाकारलं. किती वर हवा, हे त्यांनी आकड्यात सांगितलं नाही. त्यांनी गाऊन दाखवलं आणि मी त्या जागेपर्यंत मोजपट्टी नेली.

त्या संध्याकाळी प्रोग्रामची रचना बदलली. तोवर मी श्रुतींचं कोष्टक आत पक्कं बसवत होते. आता कोष्टक हा फक्त आरंभ आहे. की-बोर्डवर आठ गोल बटणं होती. प्रत्येक बटण एका स्वराला जोडलं. फिरवलं की नियंत्रणाचा निरोप येतो, प्रोग्राम त्याचे सेंट करतो आणि वाजता स्वर त्याच क्षणी सरकतो. रागाचं नाव देऊन ही जुळवणी फाइलमध्ये ठेवता येते. ताईंनी आकडे पाहिले नाहीत, त्यांना ते लागलेही नाहीत. त्यांनी तंबोरा जुळवतात तशी बटणं जुळवली आणि क्लासच्या मुली पहिल्यांदाच की-बोर्डवर ताईंचा यमन, ताईंचा भूप वाजवू लागल्या.

२०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक स्वराच्या निरोपाबरोबरच त्याची अचूक उंची पाठवता येते. अशी वाद्यं घराघरांत पोचतील, तेव्हा पंधरा चॅनलांची माझी कसरत लागणार नाही, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण त्या निरोपात कोणता आकडा भरायचा, हे तेव्हाही कुणीतरी ठरवेल. आपण काही केलं नाही तर तो बारा समान भागांच्या कोष्टकातून येईल आणि पुढच्या पिढीचे कान त्यावर तयार होतील. म्हणून मला वाटतं, ज्यांना प्रोग्राम लिहिता येतो आणि ज्यांच्या घराजवळ कुणी जाणता गाणारा आहे, त्यांनी त्याच्याकडे लॅपटॉप घेऊन जावं. ही भाषा खुली आहे, शिकायला सोपी आहे. तीत काय बोलायचं, ते गाणाऱ्याने सांगावं आणि आपण लिहून घ्यावं.